'नॅनोसंमिश्र' म्हणावे की 'नॅनोमिश्रण'?

प्रश्न (जळगाव) : ठिबकच्या नळ्या आणि प्लास्टिकच्या चटया तयार करणाऱ्या कामगारांसाठी मी मराठीत माहितीपत्रक लिहीत आहे. पॉलिमरमध्ये (प्लास्टिकच्या मूळ द्रव्यात) नॅनोपदार्थ घालून केलेल्या साहित्याला 'नॅनोमिश्रण', 'नॅनोसंयुग' की 'नॅनोसंमिश्र' म्हणावे? त्यातील कणांना 'नॅनोदाणे' म्हटले तर चालेल काय?

उत्तर (धुळे) : 'नॅनोसंमिश्र' म्हणावे. 'संयुग' येथे बसत नाही, कारण संयुगात घटक ठरावीक प्रमाणात रासायनिक बंधांनी जोडले जाऊन निराळाच पदार्थ होतो. 'मिश्रण' चूक नाही, पण फार सैल आहे. पाण्यात विरघळलेली साखरही मिश्रणच. संमिश्रात घटक आपले वेगळेपण राखून एकमेकांची उणीव भरून काढतात. आपल्याकडील धाब्याच्या घरांच्या भिंतीत मातीबरोबर मळलेला भुसा मातीला तडकू देत नाही, तेही संमिश्रच होय.

'नॅनो' हे विशेषण मात्र सबंध वस्तूचे नसून भरणद्रव्याचे, म्हणजे पॉलिमरात घातलेल्या पदार्थाचे आहे, हे पत्रकात अवश्य लिहावे. त्याची निदान एक मिती १ ते १०० नॅनोमीटरच्या (नॅनोमीटर म्हणजे मीटरचा अब्जावा भाग) दरम्यान असावी लागते. मॉन्टमोरिलोनाइट या मातीचा एकेक पापुद्रा सुमारे १ नॅनोमीटर जाडीचा असतो. जपानमधील टोयोटाच्या संशोधकांनी १९८० च्या दशकात ही माती नायलॉन-६ मध्ये मिसळली, तेव्हा वजनाने पाच टक्क्यांहून कमी मातीनेही भाराखाली वाकण्याचे तापमान ६५ अंशांवरून सुमारे १५० अंश सेल्सिअसपर्यंत गेले. हे साधते ते पापुद्रे सुटे होऊन सर्वत्र विखुरले तरच. पाणी ओढणारी माती तेलकट स्वभावाच्या पॉलिमरात सहज पसरत नाही, म्हणून आधी तिच्यावर सेंद्रिय क्षारांची प्रक्रिया करतात. गुठळ्या राहिल्या तर महागडी माती घालूनही साधे भरणच पदरी पडते. म्हणून 'पापुद्रे सुटणे' आणि 'विखुरण' हे शब्द मला नावाइतकेच मोलाचे वाटतात.

'नॅनोदाणे' कृपया टाळावे. कारखान्यात 'दाणा' म्हणजे यंत्रात ओतायचा कच्चा प्लास्टिक दाणा, आणि कामगार तोच अर्थ घेतील. 'नॅनोकण' पुरेसे आहे. मातीसाठी 'पापुद्रे', कार्बनच्या अतिसूक्ष्म नळ्यांसाठी 'नॅनोनलिका'.

प्रश्न (जळगाव) : ठिबकच्या काळ्या नळीत काजळी असतेच. मग तीही नॅनोसंमिश्र म्हणायची काय?

उत्तर (धुळे) : काजळीचे मूळ कण काही दशक नॅनोमीटरचेच असतात, परंतु ते एकमेकांना घट्ट चिकटून मोठे पुंजके होतात, आणि ती घालतात मुख्यतः उन्हातील अतिनील किरणांपासून नळी वाचावी म्हणून. त्यामुळे रूढ व्यवहारात तिला नॅनोसंमिश्र म्हणत नाहीत. पत्रकात 'काजळीयुक्त पॉलिइथिलीन' असेच लिहावे.