डेबियन १२ (लिनक्स) किमान इन्स्टॉल: रीबूटनंतर नेटवर्कच नाही

डिचोलीकर:
वाचनालयाच्या जुन्या मशीनवर केबल न लावता इन्स्टॉल केलं, 'नेटवर्क नंतर' निवडलं. आता केबल आहे, राउटरचा दिवाही लागतो, पण आयपी पत्ता मिळत नाही.

फोंड्याहून:
इन्स्टॉलरने नेटवर्कच्या इंटरफेसेस फाइलमध्ये फक्त 'लो' (मशीनचा स्वतःशीच बोलायचा इंटरफेस) लिहिलंय. कार्ड ठीक असणार. 'आयपी लिंक' या आज्ञेने कार्डाचं नाव बघा. ते 'ईथ०' नसेल, 'ईएनपी३एस०' असं काहीतरी असेल. जे दिसेल तेच लिहा. 'ईटीसी'मधल्या 'नेटवर्क' फोल्डरातली ती फाइल रूट (प्रशासक) होऊन नॅनो या एडिटरात उघडा आणि खाली दोन ओळी घाला: 'ऑटो ईएनपी३एस०', मग 'आयफेस ईएनपी३एस० इनेट डीएचसीपी'. डीएचसीपी म्हणजे राउटरकडून आपोआप पत्ता घेणं. नंतर 'इफअप ईएनपी३एस०' ही आज्ञा द्या, कार्ड सुरू होईल.

म्हापसा_रूट:
वाचनालयासाठी मी स्थिर पत्ताच देईन. पावसात वीज जाऊन आली की मशीन आधी उठतं, राउटर मागून. डीएचसीपी तिथेच ताटकळतं. 'डीएचसीपी'च्या जागी 'स्टॅटिक', खाली 'अ‍ॅड्रेस १९२.१६८.१.५०/२४' आणि 'गेटवे १९२.१६८.१.१'. हा पत्ता राउटरच्या वाटपाच्या पट्ट्याबाहेरचा हवा, नाहीतर दोन मशीन भांडतील.
नेमसर्व्हर (साइटच्या नावावरून पत्ता सांगणारा सर्व्हर) मात्र 'रिझॉल्व्ह.कॉन्फ'मध्येच लिहा. 'डीएनएस-नेमसर्व्हर्स' ही ओळ रिझॉल्व्हकॉन्फ पॅकेज नसेल तर काहीच करत नाही. लक्षण ठरलेलं: १.१.१.१ ला पिंग जातो, नावाला जात नाही.

डिचोलीकर:
पिंग दोन्हीकडे जातो. 'अ‍ॅप्ट' (पॅकेज बसवणारा प्रोग्राम) मात्र सीडी मागतंय.

फोंड्याहून:
नेटवर्क नसल्याने मिरर (पॅकेज उतरवायचा सर्व्हर) निवडलाच गेला नाही. 'सोर्सेस.लिस्ट'मधल्या सीडीरॉमच्या ओळीआधी # टाका, बुकवर्मची (डेबियन १२चं नाव) मिरर आणि सिक्युरिटीची ओळ लिहा, मग 'अ‍ॅप्ट अपडेट'.