सामाईक सातबारा, कालव्यात जमीन चाललीय, चुलत्यांनी एकट्यानेच संमती दिली

तासगाव तालुक्यातली आमची साडेतीन एकर द्राक्षबाग कालव्यात जातीय, सातबारा सामाईक, वडील, थोरले चुलते आणि आत्या, पण चुलत्यांनी कुणाला न विचारता संमतीची सही करून टाकली आणि आता निवाड्याचे (म्हणजे सरकारने ठरवलेल्या मोबदल्याच्या आदेशाचे) पैसे एकट्याच्या खात्यावर घेतो म्हणतायत. बाग वडिलांनी लावलीय हो, पोटच्या पोरासारखी. काय करता येईल?

मिरजकर: भावा, एकाच्या सहीने सगळ्यांचा हिस्सा जात नाही, तो फक्त स्वतःचा देऊ शकतो. आधी प्रांत ऑफिसला लेखी हरकत टाक आणि पोच घे, पोच नसली तर काही नाही. हिश्श्यावरून वाद असला की २०१३ च्या भूसंपादन कायद्याच्या कलम ७६ प्रमाणे तो असे वाद सोडवणाऱ्या प्राधिकरणाकडे पाठवता येतो. आत्यांना बरोबर घ्या, वडिलोपार्जित असेल तर २००५ च्या हिंदू वारसा कायद्यातल्या दुरुस्तीनंतर मुलीचाही समान हक्क आहे, त्यांना डावलू नका, हे मनापासून सांगतो.

कराडची ताई: पैसे घ्यायची वेळ आलीच तर 'हरकत राखून' असं लिहूनच घ्या, तसंच उचललं तर कलम ६४ खाली वाढीव मोबदला मागता येत नाही. आणि निवाड्याला हजर असाल तर ही मागणी करायची मुदत निवाड्यापासून फक्त ६ आठवडे. आमच्या घरी हेच चुकलं, अजून वाईट वाटतं. द्राक्षवेलींचं मूल्यांकन वेगळं मागा.

तासगाव: उद्याच वडिलांना घेऊन जातो. आत्याला फोन केला, ती रडायलाच लागली.