मदत हवी आहे: पेटीचं तीन आकडी कुलूप उघडत नाहीये

सुपारीबाग: भाचीने आजोळच्या माजघरात एस्केप गेम मांडलाय. बाकी सगळं सुटलं, शेवटची पेटी अडली आहे. वहीत एवढंच लिहिलंय: "आषाढ वद्य तृतीया. समुद्र वाट देईल तेव्हा निघतो." ३०३, ०४३, १०३ करून झालं. ती संध्याकाळी पुण्याला निघेल, त्याआधी उत्तर हवंय. लवकर सांगा.

कुलूपबंद: तीन आकडी म्हणजे ००० ते ९९९, एकूण हजारच. ओळीने फिरवत बसा, तासाभरात उघडेल.

सुपारीबाग: चुकीच्या प्रत्येक आकड्याला ती दहा मिनिटं वाढवते. तसं नकोच.

नांगर: गोष्ट काय रचली आहे? गाव कुठलं? वहीशिवाय काय सापडलं?

सुपारीबाग: गाव अलिबाग, हे लिहायचं राहिलं. पणजोबा होडी घेऊन गेले ते परतलेच नाहीत, अशी गोष्ट आहे. एक बंद पडलेलं घड्याळ आहे आणि एक फोटो.

पझलवेडी: तुम्ही 'द रूम : ओल्ड सिन्स' खेळा. २०१८चा आहे. बाहुलीघराच्या एकेका खोलीत शिरत जायचं आणि बेपत्ता झालेल्या नवराबायकोची हकीकत चिठ्ठ्यांतून जुळवायची. फार सुंदर केलाय.

नांगर: पझलवेडी, त्यांना आज पेटी उघडायची आहे. सुपारीबाग, घड्याळ आहे म्हणजे उत्तर वेळ असणार. तिथीची पाऊणपट केली की पुऱ्या भरतीची वेळ येते. तीन गुणिले पाऊण म्हणजे सव्वादोन. २१५ लावा.

मालवणी_माणूस: हा हिशोब सगळीकडे चालत नाही. आमच्याकडे भरती अलिबागच्या आधी येते. शिवाय भरती रोज साधारण ५० मिनिटं पुढे सरकते, तुम्ही ४५ धरताय. तक्ताच बघावा.

नांगर: खरोखर पाण्यात उतरायचं असेल तर तक्ता बघायचा आणि तिथल्या माणसांना विचारायचं, यात वादच नाही. पण गेम रचणारी मुलगी आजीकडून ऐकलेला हिशोबच वापरणार.

कालनिर्णयप्रेमी: तिथी बघायला भिंतीवर कालनिर्णय हवंच. १९७३ साली सुरू झालं, आणि जयंतराव साळगावकर मूळचे मालवणचे.

सुपारीबाग: २१५ने उघडलं नाही. दहा मिनिटं गेली. कृपया नीट विचार करून सांगा.

रेवदंडा_लाटा: फोटोत नक्की काय दिसतं?

सुपारीबाग: पुळणीवर उपडी घातलेली होडी, तिच्यावर झावळ्या. मागे किल्ला.

रेवदंडा_लाटा: मग ते होडीने गेलेच नाहीत! आषाढ वद्य तृतीया, नारळी पौर्णिमेला अजून पंधरवड्याहून जास्त अवकाश. तोवर होडी शाकारलेलीच असणार. "समुद्र वाट देईल" म्हणजे ओहोटी. कुलाबा किल्ल्यात ओहोटीला चालत जातात, आणि पुनवेनंतरच्या उधाणात पाणी खूप आत हटतं. सव्वादोनात सहा तास मिळवा. ८१५.

कुलूपबंद: माझ्या पद्धतीने एव्हाना उघडलं असतं.

रेवदंडा_लाटा: आकडा मिळाला असता, गोष्ट कळली नसती. होडी झाकलेली का, हा प्रश्न पडावा म्हणूनच तिने तो फोटो ठेवलाय. मला त्या मुलीचं कौतुक वाटतं.

सुपारीबाग: उघडलं! आत पणजोबांची चिठ्ठी आहे. भावाशी वर्षानुवर्षं अबोला होता. त्याने किल्ल्यातल्या गणपतीपाशी बोलावलं होतं, म्हणून कुणाला न सांगता चालत गेले. पुढच्या ओहोटीला दोघं मिळून बाहेर पडले आणि मुंबईला गेले. घरचे इतकी वर्षं ते बुडाले असं समजून होते. वाचताना आईच्या डोळ्यांत पाणी आलं. सर्वांचे मनापासून आभार.
एक राहिलं. चिठ्ठीखाली पितळी किल्ली निघाली आहे, पण माजघरात आता एकही कुलूप उरलेलं नाही. भाची काहीच बोलत नाही.

पझलवेडी: चिठ्ठीत गणपती आलाय. देवघरात शोधलंत का?