अनुभव धागा: डोळ्यांदेखत वाढलेलं पुणे

मांजरीकर
काल गल्लीत ड्रेनेजसाठी जेसीबी लागला होता. चार फुटांवर मुरूम संपला आणि खाली आमची जुनी चारी निघाली. दगड लावलेले तसेच, मध्ये काळी ओलसर माती. खाली उतरून मूठभर हातात घेतली. खडकवासल्याच्या कालव्याचं पाणी याच चारीने उसाला यायचं. पाळी बहुतेक रात्रीची. वडील दारं धरायला, म्हणजे सरीसरीला पाणी द्यायला, निघाले की बॅटरी माझ्याकडे. ते फावड्याने एक सरी बांधायचे, दुसरी फोडायचे आणि मी "भरली, भरली" ओरडायचो. आता त्या उसावर तीन बिल्डिंगी आहेत, त्यातल्याच एकीत आम्ही राहतो. ३० जून २०२१ ला आमचं मांजरी गाव पुणे महापालिकेत गेलं. भाचीला खराडीत नोकरी लागली, वीस मिनिटांत घरी येते, याचा आनंद आहेच. पण प्यायचं पाणी टँकरने येतं. रात्री झोप लागली नाही म्हणून लिहिलं. तुमचंही लिहा.

लातूरची लेक
दादा, मी तुमच्या उसावर राहायला येणाऱ्यांपैकी. २००७, वाकड, कॉट बेसिसवर एका खोलीत चौघी. हिंजवडीतल्या पहिल्या तीन वर्षांच्या पगारात बाबांचं गावच्या शेती सोसायटीचं कर्ज फिटलं. हे शहर नसतं तर माझं लग्न विसाव्या वर्षी झालं असतं. २०१६ ला मिरजेहून रेल्वेने लातूरला पाणी आलं ना, तेव्हा आई-बाबांना इकडे आणलं. आई अजून भांडी घासताना नळ करंगळीएवढाच सोडते. कुकर झालाय, बाकी नंतर.

सायकलवाला
मांजरीची द्राक्षं अजून कुठे मिळतात का हो? लहानपणी वडील टोपलीने आणायचे.

हडपसरची सून
सासरची जमीन २००४ ला गेली. सासऱ्यांनी एकरकमी पैसे घेतले, दोन चुलत्यांत वाटणी, गाडी, घरातलं लग्न, संपलं. शेजारीच मगरपट्ट्यात सुमारे १२० शेतकरी कुटुंबांनी ४०० एकर एकत्र करून स्वतःची कंपनी काढली, जमीन विकली नाही. सासरे शेवटपर्यंत म्हणायचे, "आम्हाला कुणी एकत्र बसवलंच नाही." जमीन विकून पैसा उडवणारे म्हणून लोक "गुंठामंत्री" म्हणत हसतात तेव्हा फार लागतं. हातातलं काम एका दिवसात गेलेला माणूस होता तो. सकाळी पाचला उठून गॅलरीत नुसता बसायचा.

मांजरीकर
वहिनी, आमच्याही घरात असंच झालं. वडील शेवटपर्यंत फावड्याला तेल लावायचे.

कोथरूड डेपो
चांदणी चौकातला जुना पूल २ ऑक्टोबर २०२२ ला मध्यरात्री एकच्या सुमारास पाडला तेव्हा आम्ही मुलांना घेऊन जागे होतो. आता तिथे एवढे रॅम्प झालेत की बाबा दर वेळी बावधनऐवजी भलतीकडेच निघतात. मेट्रो मात्र त्यांना मनापासून आवडते. वनाजला बसतात, गरवारेला उतरतात, चहा घेऊन परत. गुडघ्यांच्या दुखण्यापायी दोन वर्षं घराबाहेर न पडलेला माणूस!

नांदेडफाटा
आम्ही सिंहगड रस्त्याला. जानेवारी २०२५ मध्ये जीबीएसची (गिया-बारे सिंड्रोम, हातपाय लुळे पाडणारा नसांचा आजार) साथ आली, दोनशेच्या वर संशयित रुग्ण, त्यात सगळ्यात जास्त आमच्याच पट्ट्यातले. समोरच्या घरातला मुलगा सकाळी म्हणाला पायात मुंग्या येताहेत, रात्री व्हेंटिलेटरवर. एकवीस दिवसांनी हातापायांत हालचाल आली. आता चालतो, पण जिना चढताना कठडा सोडत नाही. इमारती आधी उठल्या, पाण्याच्या शुद्धीकरणाची सोय मागे राहिली. आधी जलवाहिनी, मग परवानगी, एवढा साधा क्रम पाळायला हवा. पाणी उकळूनच प्या रे सगळ्यांनी. निदान एक मिनिट तरी खळखळून.

लातूरची लेक
बापरे. मुलगा बरा आहे हे वाचून जीव भांड्यात पडला.

पत्र्याची पोर
माझी आई कचरा वेचायची. कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत ही कचरा वेचणाऱ्यांची संघटना १९९३ ला उभी राहिली, तेव्हा तिला फोटोचं ओळखपत्र मिळालं. आधी वॉचमन हाकलायचा, नंतर कार्ड दाखवून आत जायची. पुढे २००८ पासून स्वच्छ संस्थेतून घरोघरचा कचरा. सोसायट्या वाढल्या तशी तिची घरं वाढली, त्यावर माझं बी.कॉम. झालं. एवढंच सांगायचंय: सॅनिटरी पॅड कागदात गुंडाळून, वर लाल खूण करून वेगळं द्या. आईच्या हाताला त्याचाच संसर्ग झाला होता.

हडपसरची सून
आजपासून देईन गं. आईंना नमस्कार सांग.

सायकलवाला
द्राक्षांचं कुणी सांगितलं नाही 🙂

मांजरीकर
द्राक्षांचं विचारून सांगतो. खड्डा दुपारीच बुजवला. त्याआधी चारीतली माती दोन बादल्या वर आणून ठेवली, कढीपत्ता लावायला.

हडपसरची सून
भाऊजी, एक बादली माझी. सासऱ्यांच्या तुळशीला हवी. रविवारी येते.

मांजरीकर
या. सकाळी दहाच्या आत या, मग टँकर लागला की गेटवर गाडी अडते.