कॅल्टन हिलची वेधशाळा: जीर्णोद्धार झाला की दुकान?

गच्चीवरचा:
एडिंबराला कॅल्टन हिल चढून आलो. आर्किटेक्ट प्लेफेअरने बांधलेली १८१८ ची वेधशाळा, शेजारी त्याच्या आधीच्या आर्किटेक्टचं, जेम्स क्रेगचं, १७७६ ला सुरू झालेलं बुरुजवालं ऑब्झर्व्हेटरी हाऊस, सगळं एकदम चकाचक. आणि आत काय तर मॉडर्न आर्टची गॅलरी, कडेला महागडं रेस्टॉरंट. आकाश कुठंय? याला जीर्णोद्धार म्हणायचं का?

मसालापापड:
अहो आधी काय अवस्था होती ते बघा ना. २००९ ला हौशी खगोलवाले बाहेर पडले, नासधूस चालू होती, मग कलेक्टिव्ह नावाची आर्टवाली संस्था आली आणि २०१८ ला सगळं लोकांसाठी उघडलं, तेही एंट्री फुकट. आणि दुकान म्हणाल तर ते मुळातच दुकान होतं! १७७६ ला थॉमस शॉर्ट नावाचा दुर्बीणवाला भावाची भलीमोठी दुर्बीण घेऊन आला, पैसे घेऊन लोकांना आकाश दाखवायचा बेत होता, पण पैसा मध्येच संपला आणि वेधशाळा राहिली बाजूला, क्रेगने आखलेलं ते ऑब्झर्व्हेटरी हाऊस तेवढं उभं राहिलं.

गच्चीवरचा:
पण तिकीट आकाशाचं होतं ना, जेवणाचं नाही.

वायव्य:
शहराच्या मधोमध, खाली वेव्हर्ली स्टेशन, कसलं आकाश बघणार? धुराला कंटाळून मुख्य वेधशाळा १८९६ लाच ब्लॅकफर्ड हिल या दुसऱ्या टेकडीवर गेली. आणि इथलं खरं काम वेळ लावायचं होतं, लीथ बंदरातले जहाजवाले क्रोनोमीटर, म्हणजे जहाजावरची अचूक घड्याळं, घेऊन टेकडी चढायचे, मग टेकडीवरच्याच नेल्सन मॉन्युमेंटवर टाइम बॉल, म्हणजे ठरल्या वेळेला खाली पडणारा गोळा, आला, तो धुक्यात दिसेना म्हणून १८६१ पासून किल्ल्यावरून दुपारी एकची तोफ. तारे सरकताना बघून वेळ काढायची ती ट्रान्झिट दुर्बीण अजून जागेवर आहे, बघितलीत का?

गच्चीवरचा:
बघितली. लोक तिच्याकडे पाठ करून सेल्फी काढत होते.

पेठेतला:
जागेवर आहे हेच खूप झालं राव. पुण्यात कॉलेज ऑफ सायन्सला खगोलशास्त्रज्ञ नेगमवालांनी भावनगरच्या महाराजांच्या देणगीतून वेधशाळा उभारली होती, ग्रब कंपनीची २० इंची दुर्बीण! १९१२ ला ते रिटायर झाले, वेधशाळा बंद, दुर्बीण कोडाईकॅनॉलच्या वेधशाळेला. गॅलरी तर गॅलरी, छप्पर तरी राहिलं.

गच्चीवरचा:
म्हणजे आपलं मोडलं म्हणून त्यांचं चांगलं म्हणायचं? उलट ती दुर्बीण कोडाईला पुढे वापरात तरी आली. रेस्टॉरंट चालवा की, पण त्याच्या कमाईतून एक दुर्बीणवाला पगारी ठेवा आणि नेमाने घुमट उघडा.

मसालापापड:
ठेवतील हो, आधी तिथले ढग हटवा.