डबीर: हे आडनाव इतकं विरळ का?

जुनेकागद
माझं मत स्पष्ट आहे. डबीर म्हणजे परराज्यांशी पत्रव्यवहार सांभाळणारा कारभारी, आणि त्यावरून आलेलं आडनाव १६७४ साली खुडलं गेलं. शहाजीराजांनी बंगळूरहून शिवाजीराजांबरोबर जे कारभारी दिले, त्यांत सभासद बखर चार नावं हुद्द्यांसकट देते: शामराव निळकंठ पेशवे, बाळकृष्णपंत मुजुमदार, सोनोपंत डबीर, रघुनाथ बल्लाळ सबनीस. सोनोपंतांमागून त्र्यंबकपंत डबीर झाले आणि राज्याभिषेकाच्या वेळी त्या जागेवर रामचंद्र त्र्यंबक होते. एकाच घरात हुद्दा असा टिकला की त्याचं आडनाव होणारच. पण नेमकं तेव्हाच फारसी पदनामं बदलून संस्कृत आली. डबीरचा सुमंत झाला, सुरनीसाचा सचिव, वाकनीसाचा मंत्री. सुमारे १,४०० शब्दांचा राजव्यवहारकोश त्याच धोरणातून तयार झाला. नाव रुजायच्या वेळीच हुद्द्याचं नाव गेलं, म्हणून आज डबीर शोधावे लागतात.

दप्तरबंद
साफ असहमत. त्याच दिवशी मुजुमदाराचा अमात्य झाला. मग मुजुमदार आडनाव विरळ आहे का? गल्लोगल्ली सापडतं. सरनौबताचा सेनापती झाला, तरी कोल्हापूरकडे सरनोबत आहेतच. दरबारातलं नाव बदललं म्हणून आडनाव मेलं, हे या दोन उदाहरणांतच खोटं ठरतं.

खरं कारण खाली बघा. मराठी सुभ्यात आठ दरकदार, म्हणजे खात्यांचे अधिकारी, असत: दिवाण, मुजुमदार, फडणीस, सबनीस, कारखानीस, चिटणीस, जामदार, पोतनीस. किल्ल्यावर हवालदार, सबनीस, सरनौबत, कारखानीस. या सगळ्या जागा शेकड्यांनी होत्या, आणि वतनाच्या वाटेनं त्या घरात मुरल्या. या यादीत डबीर कुठं आहे? नाही, कारण त्याचं कामच तसं होतं. परराज्याशी पत्रव्यवहार, कोणाला कोणता मायना लिहायचा, आलेल्या वकिलाचा, म्हणजे दूताचा, मान कसा ठेवायचा. मायना एक पायरी खाली गेला तर समोरचा अपमान मानणार. हे काम राज्याच्या मुख्य ठिकाणी चालतं. महालाला, म्हणजे सुभ्याखालच्या छोट्या विभागाला, परराष्ट्र धोरण नसतं, म्हणून महालाला डबीरही नसतो.

जुनेकागद
मुजुमदारांचा मुद्दा मान्य, पण तो माझं म्हणणं पाडत नाही. ज्या हुद्द्यांना खाली शाखा होत्या ते नामांतरातून वाचले. ज्यांना नव्हत्या त्यांना ते आडवं गेलं. डबीर आणि सुरनीस, दोन्ही आज विरळच. तुमचं कारण आणि माझं कारण एकत्र धरल्याशिवाय हिशोब जुळत नाही. शिवाय 'फक्त मुख्य ठिकाणी' हेही फार घट्ट बसत नाही. शहाजीराजे स्वतंत्र राजे नव्हते, आदिलशाहीतले सरदार होते. तरी त्यांच्या पदरी डबीर होता.

दप्तरबंद
शहाजीराजांचा पसारा महालाच्या कचेरीएवढा नव्हता, त्यांना वकिलाती सांभाळाव्या लागत. त्या दर्जाचे सरदार किती होते? संख्या कमीच राहते. आणि नामांतराचा जोर तुम्ही फार धरता. पेशव्यांच्या शिक्क्यात 'मुख्य प्रधान' कोरलेलं, आणि उभा महाराष्ट्र त्यांना पेशवेच म्हणत राहिला. शिक्क्यातला शब्द वेगळा, तोंडातला वेगळा.

लिपिकार
दोघंही शब्द फारसी धरून चाललात. गुजरातेतल्या वलभीच्या मैत्रक राजांच्या ताम्रपटांत 'दिविरपति', म्हणजे लेखनिकांचा प्रमुख, हा अधिकारी आहे आणि स्कंदभट नावाच्या दिविरपतीकडे संधिविग्रहाचं खातंही होतं. राजतरंगिणी या काश्मीरच्या इतिहासग्रंथात दिविर आहेत, काश्मिरी क्षेमेंद्रानं त्यांच्यावर सडकून लिहिलं आहे. लेखक आणि परराष्ट्र खातं एकाच माणसाकडे, हजारभर वर्षं आधी! मग डबीर आपला जुना शब्द का मानू नये?

दप्तरबंद
दिविरही मूळचा इराणीच. प्राचीन इराणच्या हखामनी राजांच्या लेखांत 'दिपि' म्हणजे कोरलेला मजकूर. अशोकाच्या शाहबाजगढी आणि मानसेहरा इथल्या लेखांत, इतर ठिकाणी 'लिपि' असते तिथं 'दिपि' आहे. मध्य फारसीत लेखनिकाला दिबीर, त्यातूनच संस्कृतातला दिविर. म्हणजे शब्द आपल्याकडे दोनदा आला, आणि महाराष्ट्रातला डबीर दुसऱ्या खेपेचा. यादवांच्या काळात या खात्याला 'करण' म्हणत, हेमाद्री श्रीकरणाधिप होता. दिविरपासून मराठीपर्यंत सलग वाट दिसत नाही, सल्तनतीपासून मात्र स्वच्छ दिसते. द चा ड होणंही नवल नाही: दफ चा डफ झालाच.

बंगालच्या हुसेनशाहाच्या दरबारात रूप गोस्वामींचा हुद्दा 'दबीर खास' होता. लखनौचे मर्सियाकार, म्हणजे शोककाव्य लिहिणारे, मिर्झा दबीर (१८०३–१८७५) यांनी तेच टोपणनाव घेतलं. आजच्या इराणात माध्यमिक शिक्षकाला दबीर म्हणतात, शाळेला दबीरस्तान. तिथं आडनावही आहे, सिडनी २००० मध्ये कुस्तीचं सुवर्ण जिंकणारे अलीरजा दबीर त्याच नावाचे.

मोडीवाचक
आणि इथंच लोक फसतात. रोमन लिपीत द आणि ड एकच दिसतात, त्यामुळे इंटरनेटवरच्या वंशवृक्षांत मराठी डबीर, हैदराबादी दबीर आणि इराणी दबीर एका फांदीवर टांगलेले असतात. हुद्दा एक म्हणजे कूळ एक, असं होत नाही. बाळाजी आवजी चिटणीस मूळचे चित्रे, नाना फडणवीस मूळचे भानू. डबीर सापडला की थेट सोनोपंतांशी गाठ मारायची सवय मला मुळीच पटत नाही. पुरावा हवा. तो असा गोळा करावा.

आधी घरचं: गोत्र, कुलदैवत, मूळ गाव, आणि हुद्द्याआधीचं उपनाव. ते उपनाव कळलं नाही तर पुढचं सगळं अंधारात. मग तलाठ्याकडचे जुने फेरफार आणि गाव नमुना १४, म्हणजे कोतवाल बुक, जन्ममृत्यूची जुनी नोंदवही. घराण्याला इनाम असेल तर पुण्याच्या पुराभिलेखागारात इनाम कमिशनचे कागद बघा. १८५२ च्या कायद्यानंतरच्या चौकशीत इनामदारांनी कैफियत आणि वंशावळ दिलेली असते. त्र्यंबकेश्वर-नाशिकच्या तीर्थोपाध्यांच्या वहीत आडनाव सांगून भागत नाही, गाव सांगावं लागतं. तिथं बाप, आजा, भाऊ एकाच नोंदीत मिळतात.

वाचताना दोन खड्डे. एक, मोडीत ऱ्हस्व-दीर्घ पाळत नाहीत आणि शब्द तोडत नाहीत, त्यामुळे 'डबीर' आधीच्या नावाला चिकटलेला असतो. दुसरा, काळ. शकात ७८ मिळवा, जानेवारीपासून चैत्रापर्यंत ७९. सुहूर सनात, म्हणजे दप्तरातल्या अरबी आकड्यांच्या कालगणनेत, ५९९ किंवा ६००. सुहूर वर्ष मृगाला सुरू होतं, म्हणून जानेवारीपासून मृगापर्यंतच्या कागदाला ६०० लागतात. 'अर्बा सबैन अलफ' म्हणजे १०७४, म्हणजे १६७३-७४. एक वर्ष चुकलं की राज्याभिषेकाआधीचा कागद नंतरचा वाटतो, आणि वरचा अख्खा वाद उलटा फिरतो.

जुनेकागद
हुद्दा कुठं संपतो आणि आडनाव कुठं सुरू होतं, हे कागदावरून कसं ठरवायचं?

मोडीवाचक
मुलाचा कागद काढा. बाप डबीर आणि मुलगा दुसऱ्याच कामावर, तरी नावापुढे डबीर लागला असेल तर ते आडनाव. मुलाच्या नावापुढून शब्द गळला असेल तर तो हुद्दाच होता. एका कागदावर भागत नाही, निदान दोन पिढ्यांचे वेगवेगळ्या खात्यांतले कागद लागतात.

दप्तरबंद
ही कसोटी १६७४ नंतरच्या कागदांना लावा. सुमंतपद हातातून गेल्यावरही घर डबीर लावत असेल, तर नामांतरानं आडनाव मेलं हे म्हणणं उरत नाही.

जुनेकागद
आणि 'सुमंत' लावत असेल तर माझं उरतं. सुमंत आडनावही आहेच. त्या घरांच्या वंशावळी वर जाऊन डबीरांना मिळतात का, ते आधी तपासू.