शब्दचर्चा: ‘सामंजस्य करार’ आणि त्यातला ‘करार’

विचारणा

दोन कंपन्यांमधल्या एमओयूचं (मेमोरँडम ऑफ अंडरस्टँडिंग) मराठीकरण हाती आहे. मथळ्यासाठी ‘सामंजस्य करार’ हा रुळलेला शब्द समोर आहेच. पण आत साफ लिहिलंय की या कागदाने कोणताही पक्ष दुसऱ्याला बांधला जात नाही. मथळ्यात करार आणि पोटात ‘बांधील नाही’, हे वाचणाऱ्याला खटकणार नाही का? ‘समझोता’, ‘सामंजस्यपत्र’, ‘इरादापत्र’ यांपैकी काही चालेल?

प्रतिसाद १

‘करार’ हा अरबीतून फारसीमार्गे आलेला शब्द. मूळ अर्थ स्थिरावणं, ठरणं. ‘बेकरार’मध्ये तोच आहे. मराठीत ‘कौलकरार’, ‘करारमदार’ अशा जोड्या जुन्या काळापासून आहेत आणि त्या सगळ्यांत ‘आता मागे फिरायचं नाही’ असा भाव आहे. ‘सामंजस्य’ संस्कृत, ‘समंजस’चं भावरूप, म्हणजे मेळ, जुळणी. त्यामुळे ‘सामंजस्य करार’ या जोडीत पहिला शब्द सैल आणि दुसरा घट्ट. तुम्हाला खटकतंय ते उगाच नाही.

गंमत म्हणजे ‘मेमोरँडम’ला आपल्याकडे नेमका प्रतिशब्द होता. लॅटिनमध्ये त्याचा अर्थ ‘लक्षात ठेवायची गोष्ट’, आणि मोडी दफ्तरांत टिपणवजा कागदाला ‘याद’ म्हणत. आज ‘सामंजस्याची याद’ लिहिलंत तर लोक किराणा सामान शोधतील, तेव्हा ते राहू द्या. हिंदीवाले ‘समझौता ज्ञापन’ म्हणतात. ‘ज्ञापन’ मराठी कार्यालयांना परकं नाही, पण तिथे ते वरून खाली येणाऱ्या मेमोला लागतं. दोन बरोबरीच्या पक्षांच्या कागदाला तो वास नको.

‘समझोता’ मात्र टाळाच. मराठी कानाला त्यात आधी भांडण झाल्याचं ऐकू येतं.

प्रतिसाद २ (वकिली करणारा)

शब्द कोणताही घ्या, न्यायालय मथळा बघून थांबत नाही. आत काय लिहिलंय आणि पक्ष कसे वागले, हे बघतं.

कायद्याच्या मराठीत इथे दोन शब्द वेगळे ठेवलेत. १८७२च्या भारतीय संविदा अधिनियमाच्या दुसऱ्या कलमानुसार वचनांची देवघेव झाली की ‘करार’ होतो. त्यातला जो कायद्याने अंमलात आणता येतो तीच ‘संविदा’. म्हणजे प्रत्येक संविदा करार असते, पण प्रत्येक करार संविदा नसतो. या काटेकोर अर्थाने ‘सामंजस्य करार’ चुकीचा नाही. पंचाईत एवढीच की ‘संविदा’ बोलण्यात कुणी वापरत नाही, ‘कंत्राट’ कामापुरतं उरलं, आणि ‘करार’वर दोन्ही ओझी पडली.

आता मथळ्यावर विसंबून काय होतं ते पाहा. १९८४च्या जानेवारीत अमेरिकेत पेन्झॉइल ही तेल कंपनी आणि गेटी ऑइल या दुसऱ्या तेल कंपनीचे बडे भागधारक यांच्यात एक ‘मेमोरँडम ऑफ अॅग्रीमेंट’ झालं. तत्त्वतः ठरलं असं जाहीरही झालं, अंतिम करारनामा व्हायचा होता. तेवढ्यात टेक्साको या तिसऱ्या तेल कंपनीने जास्त भाव देऊन गेटी विकत घेतली. टेक्साकोचं म्हणणं होतं, पक्का व्यवहार झालाच नव्हता. ह्यूस्टनच्या ज्यूरीने १९८५मध्ये ते नाकारलं आणि १०.५३ अब्ज डॉलरचा बोजा टाकला. १९८७मध्ये टेक्साकोला दिवाळखोरीचं संरक्षण मागावं लागलं. शेवटी ३ अब्जांवर तडजोड झाली.

उलट टोकाचं उदाहरण अंबानी बंधूंचं. २००५च्या कौटुंबिक एमओयूत गॅसपुरवठ्याच्या अटी होत्या. २०१०मध्ये सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं की कुटुंबातल्या व्यक्तींचा हा खासगी कागद कंपनीला बांधत नाही. कंपनी ही वेगळी व्यक्ती आहे. तेव्हा सही कोण करतंय आणि कुणाच्या वतीने, हे भाषांतरात ढिलं पडू देऊ नका. ‘श्री. अमुक’ आणि ‘अमुक कंपनीतर्फे श्री. तमुक’ यांत व्यवहाराचा जीव असतो.

प्रतिसाद ३

मग बांधील नाही असं स्पष्ट लिहिलं की सुटलो ना?

प्रतिसाद २ (पुन्हा)

बरेचदा हो, नेहमी नाही. इंग्लंडमध्ये आरटीएस आणि म्युलर या कंपन्यांमध्ये इरादापत्रावरच काम सुरू झालं. अंतिम करारावर सह्या झाल्याशिवाय बंधन नाही, असं मसुद्यात होतं. पण कामही झालं, पैसेही दिले गेले, अटीही बहुतेक ठरल्या. २०१०मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं की वागण्यातून दोघांनी ती अट सोडून दिली आणि करार झाला. कागद ‘नाही’ म्हणतोय आणि माल पोचतोय, हे फार दिवस चालत नाही.

शिवाय ‘बांधील नाही’ म्हणणाऱ्या एमओयूतही काही कलमं मुद्दाम बांधील ठेवतात: गोपनीयता, वाटाघाटींचा खर्च कुणी सोसायचा, कुठला कायदा लागू, आणि ठरावीक मुदतीत तिसऱ्याशी बोलायचं नाही ही अट. या शेवटच्या अटीत मुदत हवीच. वॉलफर्ड आणि माइल्स यांच्या १९९२च्या खटल्यात, नुसतं ‘सद्भावनेने वाटाघाटी करत राहू’ हे वचन इंग्रजी कायद्यात टिकलं नाही आणि मुदत न घातलेली तशी मनाईही टिकली नाही.

म्हणून भाषांतर करताना खरी कसोटी क्रियापदाची. ‘पुरवील’, ‘देईल’, ‘बांधील राहील’ ही बांधणारी रूपं. ‘पुरवण्याचा मानस आहे’, ‘शक्यता तपासतील’ ही मोकळी. इंग्रजीतलं ‘शॅल’ आणि ‘इंटेंड टू’ दोन्ही सरसकट ‘करतील’ करून टाकलेले मसुदे मी पाहिलेत. तिथे मथळा कितीही मऊ असला तरी उपयोग नाही.

प्रतिसाद १

हे फार महत्त्वाचं. मराठीत सवयीने सगळं भविष्यकाळात घालतो आपण, आणि कायद्याच्या मराठीत भविष्यकाळ म्हणजेच बंधन.

‘इरादापत्र’बद्दल राहिलं: ते बहुधा एका पक्षाने दुसऱ्याला दिलेलं पत्र असतं, सरकारी मराठीत त्याला ‘आशयपत्र’ही म्हणतात. दोघांनी मिळून केलेल्या कागदाला मी ते लावणार नाही.

विचारणारी

म्हणजे ‘सामंजस्यपत्र’ घ्यावं असं वाटतंय. पण वाचणाऱ्याला ते एमओयूच आहे हे कळेल का?

प्रतिसाद ४

कळेल. तरी पहिल्या ओळीत ‘सामंजस्यपत्र, म्हणजेच एमओयू’ असं एकदा लिहा आणि पुढे तोच शब्द ठेवा. मध्येच ‘सदर करारनामा’ शिरू देऊ नका. खाली कुठेतरी तो डोकावला की वाद झाल्यावर समोरचा वकील नेमकं त्यावरच बोट ठेवतो.

विचारणारी

आणि पक्षांना काय म्हणू? जुन्या दस्तांत ‘लिहून देणार’ आणि ‘लिहून घेणार’ असतात.

प्रतिसाद २ (पुन्हा)

ते खरेदीखताला, गहाणखताला ठीक. तिथे एक देतो आणि एक घेतो. इथे दोघंही देणारे आणि दोघंही घेणारे. ‘पहिला पक्ष’, ‘दुसरा पक्ष’ लिहा, किंवा कंपन्यांची संक्षिप्त नावं ठरवून घ्या. दुसरा पर्याय बरा. ‘पहिला’, ‘दुसरा’ची अदलाबदल मसुद्यात सहज होते आणि ती सहीनंतरच सापडते.